शेवंडीला हळद

कोमलनं शेवंड मागितली ती मिळू नये म्हणून.

आठवा महिना लागला होता आणि सासूच्या प्रश्नांनी तिला पळता भुई थोडी केली होती. नर्मदाबाई रोज काहीतरी नवं पदराआड घेऊन दारात उभी राहायची. कधी गाभुळलेली चिंच, कधी पेरू, कधी शेजारणीकडून मागून आणलेली ज्वारीची पापडी.

"हे खावं वाटतंय का?"

"न्हाई आत्या."

"मग काय वाटतंय?"

"काहीच न्हाई वाटत."

"असं कसं? डोहाळा दाबून ठेवला की लेकराचे कान फुटतेत. काहीतरी माग की गं माय."

कोमल मागत नव्हती. मागितलं की आणणार, आणलं की चार बाया बोलावणार, बाया आल्या की ओटी भरणार, आणि ओटी म्हटली की हिरव्या बांगड्या आल्याच. ती वाट तिला पाठ होती. दोन वर्षांपूर्वी ती त्या वाटेनं शेवटपर्यंत गेली होती. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. बांगडीवाल्या रहमतबीनं हिरवा चुडा भरला. हाताला सूज होती, भरताना दोन बांगड्या वाढल्या. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आवाज मात्र तोच असतो. त्याच आठवड्यात नांदेडच्या दवाखान्यात सुई लावायला हात मोकळा पाहिजे म्हणून नर्सबाईनं उरलेल्या बांगड्या साबण लावून काढल्या आणि कागदात गुंडाळून नवऱ्याकडं, बालाजीकडं दिल्या. लेकरू काही वाचलं नाही. परत येताना त्यानं आसना नदीच्या पुलावर जीप थांबवायला लावली आणि ती पुडी पाण्यात सोडली.

तेव्हापासून कोमलच्या हातात एकेक पाटली तेवढी होती. घरात बांगडीचं नाव कुणी काढत नव्हतं.

हे लेकरू पोटात चांगलं फिरत होतं. डॉक्टरीणबाई दर वेळी सगळं बराबर आहे म्हणत होत्या. तरी कोमलला वाटायचं, आनंदाचा आवाज फार झाला की तो नको त्याच्या कानावर जातो. म्हणून ती हळू चालायची, हळू हसायची आणि मागायची काहीच नाही.

अशात एका संध्याकाळी नणंदेचा व्हिडिओ आला. पुनम गोव्याला एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात होती. ताटात एक लांब मिशांचं, काट्याकुट्यांचं जनावर उभं चिरून उताणं ठेवलेलं होतं. त्याच्या पोटात दाट पांढरं काहीतरी भरलेलं आणि वरून चीज वितळून भाकरीच्या पापुद्र्यासारखं खरपूस झालेलं. पुनमचा आवाज ऐकू येत होता, 'हे लॉबस्टर थर्मिडॉर. आज माझ्या हातचं.'

सासरे अमृतराव चष्मा कपाळावर सरकवून मोबाइलमध्ये वाकले. "हे काय खेकड्याच्या भावकीतलं हाय का?"

"शेवंड म्हणतेत तिला, आबा," बालाजी म्हणाला. "झिंग्याची थोरली बहीण समजा."

कोमलच्या मनात आलं, हे बरं आहे. घरात पुनम सोडली तर समुद्र कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. हिंगोली जिल्ह्यात हे यायचं नाही. एकदा मागून टाकलं की प्रश्न मिटला.

"आत्या," ती म्हणाली, "मला हे खावं वाटून राहिलंय."

सगळ्यांनी नर्मदाबाईकडं पाहिलं. नर्मदाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तिच्या चुलीवर लग्न होऊन आल्यापासून मांसमच्छी चढली नव्हती. पुरुषांना हौस आली तर त्यांनी मागं लिंबाखाली तीन दगड मांडावेत, भांडं वेगळं, पळी वेगळी, आणि आंघोळ करून घरात यावं, असा कायदा होता. तिनं मोबाइल हातात घेतला. ते मिशाळ जनावर बराच वेळ निरखलं. मग सुनेकडं पाहिलं.

"बालाजी," ती म्हणाली, "तुझ्या बहिणीला फोन लाव."

*

पुनम तीन दिवसांनी आली. रात्रभर ट्रॅव्हल्सनं नांदेड, तिथून एसटीनं वारंगा फाटा. फाट्यावर बालाजी मोटारसायकल घेऊन उभा होता. दोघा भावंडांच्या मधे थर्मोकोलचा डबा होता आणि त्यातून सगळ्या रस्त्यानं बर्फाचं पाणी गळत होतं. घरी पोचल्यावर पुनमनं डबा माजघराच्या ओट्यावर ठेवला. माय म्हणाली, "तिथं न्हाई, बाहीर." तिनं तो उचलून गोठ्याच्या सावलीला ठेवला, वरून ओलं पोतं टाकलं आणि बाजेवर आडवी झाली. "मला दुपारी उठवा. आधी तिला उकडून घ्यावी लागंल," एवढं बोलता बोलता तिचा डोळा लागला.

हे बोलणं अमृतरावांनी ऐकलं.

हळदीचे दिवस होते. वावरातून कंद निघाले होते आणि घरामागच्या मोकळ्या जागेत अमृतरावांचा कुकर चालू होता. मधे बॉयलर, दोन्ही बाजूंना माणसाच्या छातीएवढाले ड्रम. एका ड्रममधून वाफेवर शिजलेली हळद ओतायची तोवर दुसरा भरून तयार. गावात, कुरुंद्यात लोक म्हणायचे, अमृतराव नुसत्या वासावरून सांगतो हळद शिजली का नाही. हे त्यांना स्वतःलाही पटलेलं होतं.

आता सूनबाई पहिल्यांदा काही मागती आहे. लेक एवढ्या लांबून आली आहे, दमून झोपली आहे. काम काय, तर उकडायचं. आणि उकडणं हे तर आपलं काम!

"बाल्या," त्यांनी हळूच हाक मारली. "तो डबा आण इकडं."

"आबा, पुनमला उठवू का?"

"काहून उठवतो? झोपू दे लेकराला. वाफेचं काम हाय. मी काय आज वाफ पाहून राहिलोय का?"

बालाजीनं डबा उघडला. चार शेवंडी बर्फात निजल्या होत्या. अमृतरावांनी एकीची मिशी चिमटीत धरून पाहिली. "देवानं बनवताना हिचा लई राग केलेला दिसतो," ते म्हणाले. मग कांद्याच्या जाळीदार पिशवीत चौघींना घातलं, पिशवीचं तोंड बांधलं आणि भरलेल्या ड्रममध्ये, हळदीच्या कंदांवर ती ठेवून झाकण लावलं.

"हळदीवरच?" बालाजी म्हणाला.

"मग काय हिच्यासाठी रिकामा ड्रम तापवू? वाफ वाफच असती."

बॉयलर फुसफुसायला लागला. अमृतरावांनी बिडी पेटवली. बिडी संपली तसं त्यांचं नाक वर झालं. हळदीच्या ओळखीच्या वासात एक खारट, अनोळखी वास मिसळला होता. "झाली," ते म्हणाले आणि झाकण काढलं.

वाफ निवळल्यावर बालाजीनं आत वाकून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. शेवंडी लालभडक झाल्या होत्या, पण त्या लालीवर हळद बसली होती. पाठी पिवळ्या, मिशा पिवळ्या, पायांच्या बेचक्यांतून पिवळं पाणी गळत होतं.

"आबा," तो म्हणाला, "आता तिला तुमीच उठवा."

*

पुनम कुकरपाशी येऊन उभी राहिली. अंगावर काल रात्रीचाच ड्रेस, केसांचा बुचडा सुटलेला. तिनं जाळीच्या पिशवीकडं पाहिलं. मग बापाकडं पाहिलं.

भल्या पहाटे गोव्याच्या मच्छीबाजारात जाऊन तिनं या चार निवडल्या होत्या. रात्रभर गाडीत दर थांब्यावर उतरून बर्फ बदलला होता. एका ढाब्यावरचा माणूस म्हणाला होता, ताई, आत मयत आहे का? वहिनीसाठी ती हे सगळं करत होती हे खरं. पण अर्धं खरं. घर सोडून हॉटेलात गेल्यापासून मायनं तिच्या हातचं पाणीसुद्धा कौतुकानं प्यायलं नव्हतं. 'नाही नाही त्याला हात लावतीस,' एवढंच म्हणायची. आज तीच माय फोन करून म्हणाली होती, ये. पुनमला वाटलं होतं, या खेपेला ताट असं मांडायचं की माय नुसती बघत राहील.

"आबा," ती म्हणाली, "तुमी शेवंडीला हळद लावली."

अमृतराव कान खाजवत उभे होते. "चुकलं का?"

"पांढरं शुभ्र असतंय ते आतून! पांढरं! आमच्या शेफनं पाहिलं असतं तर..."

"तुझा शेफ कुठला?"

"केरळचा."

"मग त्याला हळदीची तकलीफ नसावी."

बालाजी तोंड फिरवून हसायला लागला. पुनम त्याच्यावर धावून गेली. "तू हसू नको! तू उभा होता ना इथं? तुला तोंड न्हाई का?"

"मी म्हणलो होतो आबांना."

"काय म्हणला होता?"

"'हळदीवरच?' असं म्हणलो होतो."

पुनमला रडायचं होतं, पण भावाचा चेहरा पाहून तिला हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर ते आवरेना. ती तिथंच हळदीच्या ढिगावर बसली. एक शेवंड उचलली, शेपटी मुरगळून वेगळी केली, आतलं मांस बोटानं सोलून जिभेवर ठेवलं. वरचा थर किंचित पिवळा झाला होता. आत गोड होतं, घट्ट होतं, आणि मागून ओल्या हळदीचा थोडा तुरट वास येत होता. ती चघळत राहिली.

"कसं हाय?" अमृतरावांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"शिजली बराबर," ती म्हणाली. "नेमकी. हे कसं जमलं तुमाला?"

अमृतरावांची मान लगेच ताठ झाली. "मी सांगितलं नव्हतं का?"

"पण हा वास मोहरीनं मोडावा लागंल. सॉसमध्ये मोहरी असती, तिखट..." ती बोलता बोलता थांबली. उठून घरात गेली, बॅग उलटी केली. चीज होतं, लोणी होतं. मोहरीची बाटली गोव्यात फ्रिजवर राहिली होती.

दारात माय उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काय राहिलं?" नर्मदाबाईनं विचारलं.

"मोहरी. वाटलेली. ती न्हाई तर जमत न्हाई."

नर्मदाबाई आत गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून परातीवर हात घासल्याचा आवाज येऊ लागला. पुनमनं डोकावलं. माय कुटलेल्या मोहरीत पाणी घालून ती हातानं फेसत होती, आंब्याच्या लोणच्याला फेसतात तशी. नाकातोंडातून पाणी येत होतं, पण हात थांबत नव्हता.

"सॉस लिंबाखाली करू का माय मी?" पुनम दारातूनच म्हणाली.

"त्या सॉसात काय काय असतंय?"

"दूध, लोणी, मैदा, साय, चीज. मोहरी. मग अंड्याचं पिवळं. मग ती."

"दारू?"

"हॉटेलात असती. घरी न्हाई."

नर्मदाबाईनं डोळे पदराला पुसले. "दुधापासून मोहरीपर्यंत माझ्या शेगडीवर कर. अंडं आन ती बाई लिंबाखाली."

पुनम उंबऱ्यावरच उभी राहिली.

"आता काय औक्षण करू तुझं? ये आत," माय म्हणाली.

*

मैदा लोण्यात परतायचा, मग दूध थोडं थोडं सोडायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. पुनम सांगत होती आणि नर्मदाबाई ऐकत नव्हती, कारण पिठलं हलवून हलवून तिचा हात आधीच तयार होता. म्हशीची साय घातली तशी पळी जड झाली. फेसलेली मोहरी घातल्यावर दोघींना एकदमच ठसका लागला.

"शेफला सांग तुझ्या," नर्मदाबाई म्हणाली, "हे पांढरं पिठलं हाय."

पुनम अंडी फोडायला आणि शेवंडी चिरायला लिंबाकडं गेली. बालाजी बेकरीवर विचारायला गेला, कारण हे वरून भाजायला भट्टी लागते आणि गावात भट्टी एकच, रहमतबीच्या लेकाची, नासेरची. तेवढ्यात कोमल स्वयंपाकघरात आली. भिंतीला हात टेकवत पाटावर बसली. घरात दुपारपासून चाललेला हसण्याचा गलका तिच्या छातीवर बसला होता.

"आत्या, एक बोलायचं होतं."

"बोल."

"मला ते नको होतं." तिनं मान खाली घातली. "मला काही वाटत नव्हतं. मिळणार न्हाई म्हणून मागितलं. तुमी विचारू नये म्हणून. आन तुमी सगळे... पुनमताई रातभर... मला माफ करा."

नर्मदाबाई पळी हलवत राहिली.

"मला माहीत हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तू मागितलं तेव्हापासून. डोहाळ्याचे डोळे वेगळे असतेत. तुझे तसे नव्हते." तिनं शेगडी बारीक केली. "आगं, तू समुद्रातलं माग न्हाई तर चांदोबावरचं माग. दोन वर्षं झाली, तू तोंडानं मीठ मागितलं न्हाईस. त्या दिवशी 'मला खावं वाटून राहिलंय' एवढे शब्द तरी निघाले. मी म्हणलं, आता हे धरून ठेवायचं. काय मागितलं ते मागाहून पाहू."

कोमल पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली. "मला भ्या वाटतंय आत्या."

"मलाबी वाटतंय. तुला काय वाटलं, मी रोज चिंचा घेऊन कशाला येते? घरात बसवत न्हाई म्हणून." ती सुनेपुढं येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून. "आज ओटी न्हाई. बांगडी न्हाई. बाया बोलावल्या न्हाईत. रहमतबीला मी सांगितलंय, बांगड्यांची टोपली काढायची न्हाई. तू फक्त खा. आवडलं तर आवडलं, न्हाई तर तुझा सासरा हायच खायला."

बाहेरून अमृतरावांचा आवाज आला, "माझं नाव कुणी काढलं?"

पांढरं पिठलं निवायला लागलं होतं. नर्मदाबाईनं त्यातलं वाटीभर आधीच बाजूला काढून झाकून ठेवलं. कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही.

*

नासेरची बेकरी वेशीबाहेरच्या रस्त्याला होती आणि बेकरीला लागूनच घर. पुढच्या खोलीत रहमतबीच्या बांगड्यांची फळी. संध्याकाळचे पाव भाजून निघाले होते, भट्टीच्या विटा अजून धगधगत होत्या. कोमलला आणायला बालाजीनं रिक्षा सांगितली होती. कारण पुनमनं बजावलं होतं, हे भट्टीतून निघालं की तिथंच खायचं, घरी नेईपर्यंत त्याचा जीव जातो. त्यामुळं सगळं घरच बेकरीत आलं होतं. अमृतराव मैद्याच्या पोत्यावर, नर्मदाबाई बाजेवर रहमतबीशेजारी.

नासेरनं ताटावरचं फडकं उचललं आणि दोन पावलं मागं सरकला. "या अल्ला! ये तो बिच्छू का दादा है!"

"दादा न्हाई, नवरी हाय," अमृतराव म्हणाले. "हळद लावून आणली. आता मांडव तुझा."

"काका, हमारे में ये नै खाते," नासेर म्हणाला. "मगर भट्टी को क्या, आग को सब सरीखा. पाव निकल गये, अब कुछ तकलीफ नै. फकत ट्रे तुमचा पायजे, माझा न्हाई देणार."

"ट्रे आणलाय," पुनम म्हणाली. तिनं उभ्या चिरलेल्या लाल-पिवळ्या कवचांत लोण्यात परतलेलं मांस आणि सॉस परत भरला होता, वर चीज किसून पेरलं होतं. नासेरनं लांब दांड्याच्या फळीवर ट्रे घेऊन आत सरकवला. मग दोघंही भट्टीच्या तोंडाशी वाकून उभे राहिले, एक इकडून, एक तिकडून.

"थोडा डावीकडं घेतो, तिथं धग जास्त हाय."

"नासेरभाई, जास्त नको, जळंल."

"आपा, मी लहानपणापासून काय करून राहिलोय इथं?"

चीज फुगलं, फुटलं, त्यावर तपकिरी ठिपके आले. लोण्याचा, मोहरीचा, भाजलेल्या चीजचा वास बेकरीभर झाला. आणि त्या सगळ्याच्या तळाशी हळद होती. कोमलनं तो वास आत घेतला. घरात रोज हळदीचा वास असायचा, तो तिला कधी वेगळा जाणवला नव्हता. आज तो लांबच्या पाहुण्याच्या अंगाला लागून आल्यासारखा वाटला.

पुनमनं पहिलं ताट तिच्यापुढं ठेवलं. "वहिनी, काट्यानं खातेत. पण काटे मी विसरले."

"मोहरीसारखे," बालाजी म्हणाला.

"तू गप."

कोमलनं हातानं एक तुकडा उचलला. चीजची तार लांबली, हनुवटीला चिकटली. तिनं तोंडात घातला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. अमृतरावांनी तर स्वतःचंही तोंड उघडलं होतं.

मऊ होतं. गोड होतं. मग मोहरी नाकात गेली, मग डोळ्यांत. तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. चौथ्याला तिनं कवच उचलून कडेचं खरपूस दातांनी खरवडलं. लोणी बोटांवरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडं ओघळलं.

"आवडलं का गं?" नर्मदाबाईनं विचारलं.

"थांबा आत्या," कोमल तोंडातला घास न गिळताच म्हणाली. "मधे बोलू नका."

बालाजी मोठ्यानं हसला. दोन वर्षांत बायकोच्या तोंडून त्यानं असा हुकूम ऐकला नव्हता. अमृतरावांनी आपल्या ताटाला हात घातला आणि एका घासानंतर जाहीर केलं, की हळदीशिवाय ही शेवंड गोव्याची माणसं कशी खात असतील देव जाणे. पुनम म्हणाली, "आबा, पुढच्या खेपेला तुमचा कुकरच गोव्याला नेते." नासेर कौतुकानं लांबून बघत होता. "एवढं मन असंल तर घे की एक घास," अमृतराव म्हणाले. "नै काका, बघण्यातच पोट भरलं," तो म्हणाला.

तेव्हा नर्मदाबाईनं पदराखालून ती झाकलेली वाटी काढली. "नासेर, दोन पाव दे. ताजे. हे वर लाव आन आत सार. यात अंडं न्हाई, काही न्हाई." भाजून आल्यावर एक पाव तिनं रहमतबीला दिला. "तुमाला ती चालत न्हाई, मलाबी चालत न्हाई. आपण हे खाऊ."

दोघी म्हाताऱ्या बाजेवर शेजारी बसून पाव खाऊ लागल्या. रहमतबीला ठसका लागला, तिनं हातवारे करून पाणी मागितलं. पुनम पाणी घेऊन आली ती मायसमोर तशीच उभी राहिली.

"बघून काय राहिलीस?" नर्मदाबाई म्हणाली. "मीठ कमी हाय. बाकी बराबर हाय." आणि पावाचा उरलेला कोपरा वाटीत फिरवून तिनं वाटी पुसून घेतली.

पुनम वाटी उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली थोडा वेळ. माय हळूच तिच्या बुचड्याची सुटलेली बट कानामागं सारत होती.

कोमलचं ताट रिकामं झालं होतं. कवच उलटं करून तिनं ताटात ठेवलं. लाल, वर पिवळं. समोरच्या उघड्या दारातून आतली फळी दिसत होती. चुडे दोऱ्यात ओवून टांगलेले. लाल, निळे, आणि खालच्या खिळ्याला हिरवे. ती मघापासून तिकडं न बघण्याचा प्रयत्न करत होती. आता ती बघत राहिली. पोटात लेकरानं कूस बदलली. नेहमीसारखीच, काही विशेष नाही. या वासातही त्याचं त्याचं चाललं होतं.

"रहमतचाची," ती म्हणाली.

"काय बेटा?"

"त्या हिरव्या... माझ्या मापाच्या हायत का?"

अमृतराव घास हातात धरून बसले. बालाजी कोमलकडं न बघता भट्टीकडं बघायला लागला. रहमतबीनं नर्मदाबाईकडं पाहिलं. नर्मदाबाईनं मान हलवली नाही, डोळे मिटले फक्त.

"हायत," रहमतबी उठली. "तुझं माप मी विसरंन का?"

"हात धुवून येते," कोमल म्हणाली आणि उठायला लागली.

"बस, बस." रहमतबीनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि समोर मांडी घातली. तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला, दाबून पाहिला. हात सुजलेला होता, गेल्या खेपेपेक्षा जास्तच. तिनं पंजा उलटासुलटा केला, मनगटाकडं आलेलं लोणी बोटांच्या पेरांवर चोळलं, अंगठ्याच्या मुळाशी चोळलं. "मी साबण लावते, तेल लावते. हे त्याच्याहून चांगलं हाय. धुवू नको."

"चाची, वाढली तर?"

"माझ्याकडं बघ. हात ढिला सोड. आन त्या शेवंडीची मिशी कशी होती ते सांग मला."

"लांब होती," कोमल म्हणाली. "पिवळी..."

पहिली बांगडी सरकली. कोमलला कळलीसुद्धा नाही. हाडाशी जराही अडली नाही, लोण्यावरून पाण्यासारखी घसरून मनगटात गेली. दुसरी गेली. रहमतबीचे अंगठे कामाला लागले की त्यांना डोळे लागत नाहीत. ती कोमलच्या तोंडाकडं बघत होती आणि बांगड्या आपोआप जात होत्या. डावा हात पुढं आला तो कुणी न मागताच. डाव्याची शेवटची जरा हट्टाला पेटली. कोमलनं डोळे मिटले. रहमतबीनं ताटाच्या कडेचं लोणी बोटावर घेतलं, पेरावर लावलं, आणि तीही गेली.

"ही वरची, माझी," म्हणून रहमतबीनं दोन्ही हातांत एकेक जास्तीची घातली. "एकबी वाढली न्हाई."

नर्मदाबाईनं कोमलचे ते लोण्यानं, चीजनं, मोहरीनं माखलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. माळ गळ्यातच होती. तिला आठवण राहिली नाही, की आठवण असूनही तिनं धरले, ते कुणी विचारलं नाही.

"वाजतेत का बघ," अमृतराव पोत्यावरून म्हणाले.

कोमलनं हात हलवला. बांगड्या लोण्यानं एकमेकींना चिकटल्या होत्या, वाजल्या नाहीत.

तिनं आणखी जोरात हलवला. मग वाजल्या.